‘पुस्तकात असं नव्हतं’ या तक्रारीची पार्श्वभूमी

1958 च्या जूनमध्ये लेखक जे. आर. आर. टोल्किन यांनी एका पत्रात चित्रपटाच्या एका आराखड्यावर बरीच लांब आणि बरीच चिडकी टिपणं काढली. त्यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या फँटसी कादंबरीचा शेवटचा खंड येऊन तीन वर्षंही झाली नव्हती, आणि अमेरिकेतल्या काही मंडळींना त्याचा चित्रपट करायचा होता. आराखड्यात गरुड ऊठसूट कुणालाही पाठीवर घेऊन उडत होते. लेंबास ही कादंबरीतल्या एल्फ या जादुई जमातीची प्रवासातली शिदोरी, तर तिला ‘फूड कॉन्सन्ट्रेट’ म्हटलं होतं. आजच्या कुठल्याही फँटसी मालिकेवर चाहते जे बोलतात, ते सगळं त्या पत्रात सापडतं, फक्त भाषा प्राध्यापकाची आहे.

पण त्यातला एक मुद्दा चाहते सहसा मांडत नाहीत. गाळण्याला टोल्किन यांची हरकत नव्हती. सगळंच थोडं थोडं कोंबण्याला होती. एंट (चालते-बोलते वृक्ष) आणि हॉर्नबर्ग किल्ल्याची लढाई दोन्हींना पुरेसा वेळ देता येत नसेल तर लढाई काढा, मूळ कथेत ती आनुषंगिक आहे, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. 2002 साली दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांनी दुसऱ्या चित्रपटाचा कळस नेमका त्याच लढाईवर चढवला आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला. मला ती लढाई आवडते. टोल्किन यांचं म्हणणंही पटतं. हे दोन्ही एकाच माणसाला वाटू शकतं, हे या वादात फारसं कुणी कबूल करत नाही.

1957 मध्ये मुलाला लिहिलेल्या पत्रात टोल्किन यांनी आपलं धोरण सांगितलं होतं: कला किंवा रोकड. म्हणजे एक तर भरपूर पैसे द्या, नाहीतर नको ते थांबवण्याचा अधिकार लेखकाकडे ठेवा. 1969 मध्ये त्यांनी हक्क युनायटेड आर्टिस्ट्स या चित्रपट कंपनीला विकले. रोकड जिंकली.

बदल मात्र त्याहून जुने. 1900 सालच्या ‘विझार्ड ऑफ ओझ’ या पुस्तकात कॅन्ससहून ओझ या जादूच्या देशात गेलेल्या छोट्या डोरोथीचे बूट चांदीचे आहेत. 1939 च्या चित्रपटात ते माणकाचे लाल झाले, कारण टेक्निकलर हे रंगीत चित्रणाचं तंत्र तेव्हा नवलाईचं होतं आणि पडद्यावर लाल रंग खुलून दिसायचा. हा निरुपद्रवी बदल. त्याच चित्रपटात कॅन्सस रंगहीन आणि ओझ रंगीत आहे, तेही मूळ लेखकाला धरूनच, कारण पुस्तकातला कॅन्ससही करडाच आहे. खरी मोडतोड शेवटी होते. पुस्तकात ओझ खरोखरचा देश आहे. चित्रपटानं त्याचं स्वप्न करून टाकलं. बुटांचा रंग कुणाला खटकत नाही, पण मूल जिथे खरोखर जाऊन आलं ती जागाच नव्हती म्हणणं ही फँटसीशी केलेली दगाबाजी आहे, असं माझं मत.

लेखक भडकतात ते बहुतेक अशाच जागी. मिखाएल एंडे यांच्या ‘नेव्हरएंडिंग स्टोरी’चा 1984 चा चित्रपट पुस्तकाच्या साधारण निम्म्यावर संपतो. कल्पनेच्या राज्यात हरवण्याची किंमत काय, हा पुस्तकाचा गाभा उरलेल्या अर्ध्यात आहे. एंडे कोर्टात गेले आणि हरले. अर्सुला ले ग्विन यांचा अनुभव आणखी बोलका. त्यांच्या ‘अर्थसी’ या फँटसी पुस्तकमालेतली बहुतेक माणसं गोरी नाहीत. नायक गेड तांबूस तपकिरी वर्णाचा आहे आणि ही निवड त्यांनी जाणीवपूर्वक केली होती. 2004 मध्ये साय-फाय चॅनेलच्या लघुमालिकेत गेड गोरा झाला. ले ग्विन यांनी जाहीर लेख लिहून हात झटकले. आज पात्रांच्या वर्णावरून भांडणारे सगळे ‘मूळ पुस्तका’ची शपथ घेतात, त्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा.

टीव्ही मालिकांकडे वळण्यामागे साधा हिशोब होता: चित्रपटात न मावणारं पुस्तक दहा भागांत मावेल. अडचण पैशाची होती. 1988 साली बीबीसीनं ‘नार्निया’ या मुलांच्या फँटसीची मालिका केली तेव्हा त्यातले बोलणारे बीव्हर प्राणी म्हणजे पोशाख चढवलेली माणसं होती. आता हसू येतं, पण कथेला ती मालिका बरीच इमानदार आहे.

जॉर्ज मार्टिन टीव्हीसाठीच लिहायचे. तिथे त्यांचे मसुदे ‘फार खर्चिक’ म्हणून कापले जात. म्हणून पडद्यावर येऊच शकणार नाही इतकं मोठं काहीतरी लिहावं या ईर्ष्येनं ते कादंबरीकडे वळले. 1996 मध्ये ‘गेम ऑफ थ्रोन्स’ हा पहिला भाग आला, आणि 2011 मध्ये एचबीओ वाहिनीनं त्याच नावाच्या मालिकेतून तो पडद्यावर आणलाच. पहिल्या पर्वात पैसे बेताचे होते. पुस्तकात टिरियन हे प्रमुख पात्र लढाईत उतरतं. मालिकेत लढाई सुरू होण्याआधीच त्याच्या डोक्यात टोला बसतो आणि तो शुद्धीवर येतो तोवर सगळं संपलेलं. तुटपुंज्या पैशांवर काढलेली इतकी चतुर पळवाट मी दुसरी पाहिलेली नाही.

पुढे पैसा आला आणि पुस्तकं संपली. पाचवा खंड 2011 चा, सहावा अजून यायचाय. मालिका पुस्तकांच्या पुढे निघाली तेव्हा ‘पुस्तकात असं नव्हतं’ म्हणायला पुस्तकच उरलं नाही. 2019 च्या सहा भागांच्या शेवटच्या पर्वावर लोक इतके चिडले की ते पुन्हा लिहा म्हणणाऱ्या अर्जावर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या.

तोवर प्रत्येक कंपनीला आपली एक ‘थ्रोन्स’ हवी होती आणि हक्कांची झुंबड उडाली होती. ॲमेझॉननं 2017 मध्ये टोल्किनचे टीव्ही हक्क घेतले, पण त्यात त्या जगाचा प्राचीन इतिहास सांगणारं ‘सिल्मरिलियन’ हे पुस्तक नव्हतं. त्यामुळे ॲमेझॉनच्या ‘रिंग्ज ऑफ पॉवर’ मालिकेचा डोलारा मुख्यतः ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या परिशिष्टांवर उभा राहिला.

हक्कांपायी काय काय होतं याचा सगळ्यात विचित्र नमुना रॉबर्ट जॉर्डन यांच्या ‘व्हील ऑफ टाइम’ या फँटसी पुस्तकमालेचा. फेब्रुवारी 2015 मध्ये एफएक्सएक्स वाहिनीवर, मध्यरात्रीनंतर, गाजावाजा न करता त्याचा अर्ध्या तासाचा एक भाग दाखवला गेला. काहीच दाखवलं नाही तर हक्क परत जाणार होते आणि ती मुदत तोंडावर आली होती. लेखक जॉर्डन तेव्हा हयात नव्हते आणि त्यांच्या पत्नीला याची कल्पनाही नव्हती. खरी मालिका 2021 मध्ये आली आणि वाचकांनी पहिल्याच पर्वाला धुऊन काढलं: पेरिन या पात्राला बायको कुठून आली, हे का बदललं, ते का गाळलं. तिसऱ्या पर्वापर्यंत त्यातलेच बरेच जण खूश होऊ लागले होते. मे 2025 मध्ये ॲमेझॉननं मालिका बंद केली. मूळ मालेत चौदा पुस्तकं आहेत. तिसरं पर्व मुख्यतः चौथ्यावर बेतलेलं होतं.