ट्रायकोडर्मा की मायकोरायझा? मुळाशी टाकायच्या दोन बुरशी आणि त्यांची वेगवेगळी कामे

गादीवाफ्यावर टोमॅटोची रोपे जमिनीलगत पिचून आडवी पडू लागली की कुणीतरी हमखास सांगतो, ‘मायकोरायझा द्या.’ स्फुरद (फॉस्फरस) कमी पडून पीक खुंटले, पाने जांभळट पडली की दुसरा कुणी ट्रायकोडर्माची आळवणी करायला, म्हणजे तिचे द्रावण मुळाशी ओतायला सांगतो. दोन्ही सल्ले चुकलेले आहेत, पण असा गोंधळ का होतो हे कळण्यासारखे आहे. दोन्ही जमिनीतल्या उपयुक्त बुरशी, दोन्ही भुकटीत किंवा द्रवात मिळतात, दोन्ही मुळाशी द्यायच्या आणि दोन्हींबद्दल ‘पिकाची प्रतिकारशक्ती वाढते’ असे सांगितले जाते. त्यांची जगण्याची तऱ्हा मात्र अगदी वेगळी आहे. ट्रायकोडर्माला जिवंत पिकाची गरज नाही. मायकोरायझाचे जिवंत मुळावाचून पोटच भरत नाही. वापरातले बहुतेक घोळ या एका फरकाकडे लक्ष न दिल्याने होतात.

ट्रायकोडर्मा प्रयोगशाळेतल्या बशीत वाढताना पाहावी. सुरुवातीला जेमतेम दिसणारा विरळ पांढरा बुरा तीन-चार दिवसांत सगळी बशी व्यापतो आणि मग त्यावर गडद हिरव्या बीजाणूंची वलये उमटतात. काही जातींच्या बशीचे झाकण उघडले की चक्क ओल्या खोबऱ्याचा वास येतो. तो वास ज्या रसायनाचा, ते रसायनच इतर बुरशींची वाढ रोखते. ही बुरशी मुळात कुजणाऱ्या पालापाचोळ्यावर, लाकडावर जगणारी. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू आणि कपडे भराभर कुजत होते. तिथून तपासायला आणलेल्या कापडावर ट्रायकोडर्माची एक जात मिळाली. तिला पुढे ट्रायकोडर्मा रीसी असे नाव पडले आणि सेल्युलोज विरघळवणारी विकरे (एन्झाइम) मिळवण्यासाठी उद्योगांत आजही तिचेच वाण वाढवले जातात. उष्ण, दमट हवा आणि भरपूर कुजका माल असला की ही बुरशी जोमात येते.

रोगनियंत्रणातले तिचे स्थान रिचर्ड वाइंडलिंग यांच्यामुळे ठरले. रायझोक्टोनिया या रोपे कोलमडवणाऱ्या बुरशीवर ट्रायकोडर्मा स्वतःच उपजीविका करते, हे त्यांनी १९३२ मध्ये दाखवले. सूक्ष्मदर्शकाखाली हे स्पष्ट दिसते. ट्रायकोडर्माचा तंतू शत्रूच्या तंतूकडे वळतो, त्याला वेटोळे घालतो, त्याची भिंत ज्यांची बनलेली असते ते कायटिन आणि ग्लुकान विरघळवणारी विकरे सोडून तिला भोक पाडतो आणि आतला माल खाऊन टाकतो. पिथियम आणि फायटोफ्थोरा हे मूळकुजीसारखे रोग आणणारे जीव खरे तर बुरशीच नव्हेत, त्यांच्या भिंतीत मुख्यतः कायटिनऐवजी सेल्युलोज आणि ग्लुकान असते. पण सेल्युलोज पचवणे हा तर ट्रायकोडर्माचा जुनाच धंदा, म्हणून त्यांच्यावरही तिची मात्रा चालते. याशिवाय ती जागा आणि अन्न आधी बळकावते आणि मुळाच्या बाहेरच्या थरात शिरून झाडाची स्वसंरक्षणाची यंत्रणाही जागी करते.

म्हणजे रोपे कोलमडणे, मूळकूज, स्क्लेरोशियममुळे होणारी खोडकूज, फ्युजेरियमची मर अशा मातीतून येणाऱ्या रोगांसाठी विचार करायचा तो ट्रायकोडर्माचा. मात्र ती लागणीआधी हवी. बुरशी एकदा झाडाच्या जलवाहिन्यांत शिरली आणि पाने माना टाकू लागली की बाहेरून ओतलेली ट्रायकोडर्मा तिथवर पोचत नाही. म्हणून बीजप्रक्रिया, रोपे लावताना मुळे बुडवणे आणि चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून सावलीत, ओलसर ठेवून वाढवलेली ट्रायकोडर्मा लागवडीआधी मातीत देणे, हाच तिच्या वापराचा गाभा. सेंद्रिय पदार्थ नसलेल्या, उन्हाने भाजलेल्या कोरड्या मातीत नुसती भुकटी भुरभुरली तर तिच्या हाती खायला काहीच नसते. माझ्या मते ‘ट्रायकोडर्माचा काही उपयोग झाला नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच कारण असते.

आता मायकोरायझा. हे नाव खरे तर मूळ आणि बुरशी यांच्या जोडीचे आहे. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक यांनी ते १८८५ मध्ये दिले. शेतीत आपण ज्या प्रकाराबद्दल बोलतो, ज्याला बरेच जण अजून ‘व्हॅम’ म्हणतात, त्यातली बुरशी मुळाच्या सालीतल्या पेशींच्या आत जाऊन वसते. बाहेरून मूळ पाहून काही कळत नाही. बारीक मुळे अल्कलीत उकळून त्यांचा रंग घालवायचा, मग ट्रिपॅन ब्लू हा निळा रंग चढवायचा. सूक्ष्मदर्शकाखाली पेशीपेशीत एखाद्या बारीक झुडपासारखे, फाट्याला फाटे फुटलेले निळे जाळे दिसते. देवाणघेवाण इथेच होते. झाड बुरशीला साखर आणि स्निग्धाम्ले देते. ही बुरशी स्निग्धाम्ले स्वतःची स्वतः घडवूच शकत नाही. बदल्यात बुरशी झाडाला मुख्यतः स्फुरद आणून देते.

इथे स्फुरदाची अडचण नीट समजून घ्यायला हवी, कारण उष्ण प्रदेशात मायकोरायझाचे महत्त्व तिच्यामुळेच वाढते. स्फुरद मातीत जवळजवळ जागचा हलत नाही. मूळ आपल्याभोवतीच्या एक-दोन मिलिमीटरमधला स्फुरद उचलते आणि मग त्याच्याभोवती रिकामा पट्टा तयार होतो. लाल, आम्लधर्मी, लोह आणि ॲल्युमिनियम भरपूर असलेल्या मातीत तर टाकलेला स्फुरदही या धातूंशी बांधला जाऊन अडकतो. मुळाहून कितीतरी बारीक असलेले बुरशीचे तंतू हा रिकामा पट्टा ओलांडून काही सेंटिमीटर लांब जातात आणि मूळ शिरू शकणार नाही अशा फटींतून स्फुरद ओढून आणतात. कसावाची (साबुदाण्याच्या कंदाची) मुळे जाड असतात आणि त्यांवर केशमुळे फार कमी. कमी स्फुरदाच्या मातीत हे पीक या बुरशीवाचून वाढतच नाही म्हटले तरी चालेल. कांदा आणि लिंबूवर्गीय झाडेही अशीच तिच्यावर अवलंबून असतात.

मग मायकोरायझाने रोग कमी होतात हे खोटे का? खोटे नाही, पण ती रोगकारक बुरशीला खात नाही. मुळाची जागा तिने आधीच व्यापलेली असल्याने रोगकारकाला शिरकाव कठीण होतो, झाडाची संरक्षणयंत्रणा सावध राहते आणि पोषण चांगले असलेले झाड थोडी मुळे गेली तरी तग धरते. काही सूत्रकृमींचा (मुळांना त्रास देणाऱ्या सूक्ष्म कृमींचा) उपद्रवही तिने कमी होतो. एक गोष्ट मला विशेष लक्षणीय वाटते. स्फुरदाची भूक लागलेले मूळ स्ट्रिगोलॅक्टोन नावाची द्रव्ये मातीत सोडते आणि ती लागताच मायकोरायझाच्या तंतूंना फाटे फुटतात, हे २००५ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवले. पण त्याच द्रव्यांवर टारफुल्याचे, म्हणजे पिकाच्या मुळांवर जगणाऱ्या परजीवी तणाचे बीही जागे होते. मूळ मायकोरायझाने वसले की ही द्रव्ये कमी सुटतात, आणि अशा ज्वारी-मक्यावर टारफुला कमी उगवल्याचे प्रयोगांत दिसले आहे.

हे एवढे लक्षात घेतले की वापरातले फरक आपोआप उलगडतात. मळीच्या पाण्याच्या टाकीत ट्रायकोडर्मा वाढवता येते, फक्त भांडी स्वच्छ हवीत, नाहीतर भलत्याच बुरशी वाढतात. मायकोरायझा त्याच टाकीत घातली तर तिचा एक कणही वाढणार नाही. तिचे उत्पादन मका, ज्वारी अशा पिकांच्या जिवंत मुळांवर किंवा प्रयोगशाळेत काचेत वाढवलेल्या मुळांवरच होते. शेणखताच्या ढिगात मिसळून ठेवल्यानेही ती वाढत नाही. ती बियाण्याच्या खाली, रोपाच्या मुळाला थेट लागेल अशी द्यावी लागते. पुड्यावरचे आकडेही म्हणूनच एकमेकांशी ताडून पाहू नयेत. ट्रायकोडर्मात ग्रॅममागे वसाहती मोजतात आणि आकडा लाखा-कोटींत जातो. मायकोरायझात मूळ वसवू शकणारे कण मोजतात आणि आकडा फार लहान असतो. तेवढ्यावरून मायकोरायझा कमजोर ठरत नाही.

कोबी, फ्लॉवर, मोहरी, पालक, राजगिरा, बीट या पिकांच्या मुळांशी मायकोरायझाची जोडी जमत नाही. तिथे तिच्यावर खर्च करू नये. ट्रायकोडर्मा मात्र तिथेही काम करते. स्फुरदाची भरघोस मात्रा दिलेल्या शेतातही मायकोरायझा मुळात नीट बसत नाही, कारण झाडाला तिची गरजच उरत नाही. शिवाय बहुतेक शेतांत स्थानिक मायकोरायझा आधीपासून असते, आणि तिथे विकतची आणखी टाकून फरक दिसेलच असे नाही. खरा फायदा होतो तो रोपवाटिकेतल्या निर्जंतुक माध्यमात, ऊतिसंवर्धित केळीच्या रोपांना आणि धूप होऊन वरचा थर गेलेल्या जमिनीत.

बुरशीनाशकांचे भान दोन्हींसाठी ठेवायला हवे. कार्बेन्डाझिमची आळवणी दोन्हींना मारक ठरते. मेटॅलॅक्झिल मुख्यतः पिथियम-फायटोफ्थोरा गटावर चालते, ट्रायकोडर्माला त्याची झळ कमी बसते.

दोन्ही एकत्र द्याव्यात का, हा प्रश्न नेहमी येतो. प्रयोगशाळेत ट्रायकोडर्माचे तंतू मायकोरायझाच्या तंतूंतही शिरलेले दिसले आहेत; मातीतले निष्कर्ष संमिश्र आहेत, कधी दोन्हींचा फायदा, कधी एकीची पिछेहाट. म्हणून मी क्रम लावण्याच्या बाजूचा आहे. रोपवाटिकेत आधी मायकोरायझा मुळात बसू द्यावी, आणि शेतात रोप लावताना ट्रायकोडर्मायुक्त शेणखत द्यावे. मुळाच्या पेशींत शिरलेली बुरशी तोवर बरीच सुरक्षित झालेली असते.

आणि यातली कुठलीही बुरशी आणण्याआधी रोग बुरशीचाच आहे ना, हे तपासावे. माना टाकलेल्या टोमॅटोचे किंवा वांग्याचे खोड जमिनीलगत कापून तो तुकडा काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात टांगता धरावा. काही मिनिटांत कापातून दुधासारखे धागे खाली सुटू लागले, तर ती राल्स्टोनिया जिवाणूची मर आहे. त्या झाडाला ट्रायकोडर्माही वाचवणार नाही आणि मायकोरायझाही. अशी झाडे मुळासकट काढून शेताबाहेर न्यावीत, पाणी त्या सरीतून पुढच्या सरीत जाऊ देऊ नये, आणि पुढचे पीक त्याच कुळातले घेणे भाग असेल तर प्रतिकारक खुंटावर कलम केलेली रोपे लावावीत.