रस्त्याच्या जागेच्या बदल्यात गेलिक पाट्या

१९७३ साली स्कॉटलंडच्या स्काय बेटावर एक चमत्कारिक सौदा झाला. पोर्ट्रीजवळच्या रस्त्यासाठी इन्व्हर्नेस-शायर काउंटी कौन्सिलला जमीन हवी होती. ती होती इयन नोबल नावाच्या बँकरकडे. त्याने अट घातली, जमीन घ्या, पण पाट्या इंग्रजीबरोबर गेलिक या स्कॉटलंडच्या जुन्या केल्टिक भाषेतही लागल्या पाहिजेत. कौन्सिलने मान्य केले. गेलिक भाषेला (स्कॉटलंडमध्ये उच्चार 'गालिक') स्थानिक प्रशासनाकडून आज जो आधार मिळतो, त्याची सुरुवात अशा देवघेवीतून झाली हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

त्याआधीचा इतिहास उलट दिशेचा. १६१६ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने (राजाच्या सल्लागार मंडळाने) गावोगावी शाळा काढायचे फर्मान काढले, तेच मुळी गेलिक हटवून इंग्रजी रुजवण्यासाठी. १८७२ च्या शिक्षण कायद्याने पॅरिशनिहाय (चर्चच्या विभागानुसार) निवडलेली शाळा मंडळे आली. म्हणजे शाळेचा कारभार गावाकडे आला, पण कायद्यात गेलिकचा उल्लेखच नव्हता. बंदी घातली असती तर निदान भांडता आले असते. १८९१ च्या जनगणनेत गेलिक बोलणारे अडीच लाखांहून अधिक होते, २००१ मध्ये ५८,६५२ उरले. १९१८ च्या कायद्याने गेलिकभाषक भागांत ती शिकवण्याची पुरेशी सोय करायला सांगितले खरे, पण 'पुरेशी' म्हणजे किती, हे ठरवणारी कार्यालये गेलिक बोलणाऱ्या पश्चिमेकडच्या बेटांवर नव्हतीच. लुइसचा कारभार डिंगवॉलहून चाले, हॅरिस, यूइस्ट आणि बॅराचा इन्व्हर्नेसहून. दोन्ही गावे मुख्य भूमीवर, समुद्रापलीकडे.

माझ्या मते खरे वळण आले ते १९७५ मध्ये, आणि तेही भाषेच्या कायद्याने नव्हे, नकाशा बदलल्याने. स्थानिक प्रशासनाच्या फेररचनेत ही सगळी पश्चिम बेटे एका कौन्सिलखाली आली. या कौन्सिलने दुभाषी धोरण स्वीकारले आणि त्याच वर्षी प्राथमिक शाळांत दुभाषी शिक्षणाचा प्रकल्प सुरू केला. १९९७ मध्ये कौन्सिलांना गेलिक नाव घेण्याची मुभा मिळाली. तेव्हापासून पश्चिम बेटांच्या कौन्सिलचे अधिकृत नाव फक्त गेलिकमध्ये आहे, कोर्ल्ये नान एलान शीअर.

गंमत म्हणजे पूर्ण गेलिक माध्यमाचे प्राथमिक वर्ग १९८५ मध्ये आधी निघाले ते शहरांत, ग्लासगो आणि इन्व्हर्नेसमध्ये. मागणी पालकांची होती. पुढच्याच वर्षापासून सरकारने गेलिक शिक्षणासाठी कौन्सिलांना खास अनुदान दिले, त्यामुळे 'पैसे कुठून आणायचे' ही सबब थोडी लंगडी पडली. २००६ मध्ये ग्लासगोत शिशुवर्गापासून माध्यमिकपर्यंतची स्वतंत्र गेलिक शाळा उभी राहिली.

२००५ च्या गेलिक भाषा कायद्याने बोर्ड ना गालिक या मंडळाला सार्वजनिक संस्थांकडून गेलिक आराखडा मागण्याचा अधिकार दिला. त्यात कौन्सिलाही आल्या, अगदी जिथे गेलिक क्वचितच कानावर पडते तिथल्यासुद्धा. आराखड्यात लेटरहेड, बोधचिन्ह आणि पाट्या सहज बसतात. शिक्षक मिळवणे तितके सोपे नसते. वाद मात्र पाट्यांवरच पेटतो. आपला वारसा नॉर्स (व्हायकिंगांचा) मानणाऱ्या, उत्तर टोकाच्या केथनेसमध्ये हायलँड कौन्सिलच्या दुभाषी पाट्यांना उघड विरोध झाला.

२०२० मध्ये पश्चिम बेटांच्या कौन्सिलने आणखी एक पाऊल टाकले. पहिलीत येणारे मूल गेलिक माध्यमातच जाईल. इंग्रजी हवे असेल तर पालकांनी तसे सांगायचे. आजवर सांगावे लागत होते ते गेलिक हवे असणाऱ्यांना.

तरीही २०२२ च्या जनगणनेत विचित्र चित्र दिसले. देशभरात गेलिक बोलणारे वाढून ६९,७०१ झाले, पण पश्चिम बेटांवर त्यांचे प्रमाण पहिल्यांदाच निम्म्याखाली गेले, ५२ वरून ४५ टक्क्यांवर. २०२५ च्या स्कॉटिश भाषा कायद्याने गेलिकला अधिकृत दर्जा दिला. त्याच कायद्यात 'भाषिकदृष्ट्या महत्त्वाचे क्षेत्र' अशी एक नवी तरतूद आहे, आणि आपल्या हद्दीतला कोणता भाग त्यात घालायचा हे सुचवायचे काम पुन्हा कौन्सिलांकडेच आले आहे.