मानसिक आजाराचा कलंक आणि सरकारी धोरण (कोकण)

मानसिक आजार असलेल्या माणसाबद्दल आणि त्याच्या घराबद्दल जी भीती, लाज, कुजबुज असते ती कमी करायला सरकारने केलेले कायदे आणि कार्यक्रम. नोंद मुख्यतः रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगडपुरती; ठाण्याचं मनोरुग्णालय कोकण विभागातच येतं, पण त्याचा इतिहास मुंबईच्या अंगाने जातो.

कलंक मुळात आला कुठून यावर दोन मतं दिसतात. एक मत, तो जुनाच आहे, देवचार, बाहेरची बाधा, घराण्याचा दोष यातून आलेला, म्हणून आधी गुरवाकडे कौल, मग गाऱ्हाणं, डॉक्टर सगळ्यात शेवटी. दुसरं मत असं की बाधा म्हटली की दोष माणसाचा नसायचा, लागलंय ते उतरेल अशी आशा असायची, आणि कायमचा शिक्का बसला तो इंग्रजी अमदानीतल्या इस्पितळाने. रत्नागिरीचं मनोरुग्णालय साधारण 1886 चं मानतात. पुढे 1912 च्या लुनसी अ‍ॅक्टखाली (वेड्यांबद्दलचा कायदा) भरती म्हणजे बहुतेक वेळा पोलीस, मॅजिस्ट्रेट आणि रिसेप्शन ऑर्डर, म्हणजे मॅजिस्ट्रेटचा भरतीचा हुकूम, आणि ही ऑर्डर 1987 च्या मानसिक आरोग्य कायद्यातही (लागू 1993) राहिलीच. पोलिसांच्या गाडीतून माणूस नेताना अख्ख्या वाडीने बघितला की पुढे त्या घरातल्या मुलीचं स्थळ मोडायला दुसरं कारण लागत नाही. हे बघता दुसरं मत जास्त पटतं. अर्थात पहिलंही सोडता येत नाही, भूत उतरवायच्या नावाखाली दोरीने-साखळीने बांधणं, मारणं हे 2013 च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा म्हणून लिहावं लागलं.

2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा (लागू 2018) इथे सगळ्यात महत्त्वाचा. कलम 30 मध्ये सरकारने कलंक कमी करायचे कार्यक्रम आखून त्याला पैसा द्यायचा आणि पोलिसांसकट अधिकाऱ्यांना ट्रेनिंग द्यायचं असं स्पष्ट आहे. पण खरा फरक बाकीच्या कलमांत आहे असं वाटतं: पेशंट स्वतःहून भरती होऊ शकतो (कलम 86), निर्णय घ्यायला दुसऱ्याचा जास्त आधार लागणाऱ्याची भरती कलम 89 खाली आधी 30 दिवसांपर्यंतच, सक्तीने डोकं भादरायचं नाही, युनिफॉर्मची जबरदस्ती नाही, साखळी पूर्ण बंद, माहिती गुप्त, संमतीशिवाय फोटो मीडियाला नाही. विमा कंपनीनेही शारीरिक आजारासारखंच कव्हर द्यायचं. आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणात होता असं कलम 115 धरून चालतं, आणि हे फार मोठं पाऊल आहे.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम 1982 चा, जिल्हा कार्यक्रम 1996 पासून. कल्पना साधी, उपचार जनरल दवाखान्यात आणले की वेगळी पायरी चढावी लागत नाही. मात्र ग्रामीण रुग्णालयात ओपीडीच्या खिडकीवर केसपेपर काढताना मागे गावचीच माणसं उभी, कोणत्या डॉक्टरकडे ते मोठ्याने विचारलं जातं, मग ज्याला परवडतं तो कोल्हापूर नाहीतर मुंबई गाठतो आणि गावात सांगतो चाकरमान्यांकडे गेलो होतो. 2017 च्या कायद्याच्या कलम 23 मधली गुप्तता डॉक्टरच्या खोलीत पाळली जाईलही, पण या खिडकीवरही ती पाळली गेलीच पाहिजे.

2022 पासून टेलिमानस (14416) ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, फोन घरूनच करता येतो. बेघर मनोरुग्णांसाठी रायगडात कर्जतला श्रद्धा पुनर्वसन केंद्र आहे, ते सरकारी नाही, संस्थापक डॉ. भरत वाटवानी यांना 2018 चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. बरं वाटलेल्या माणसाला तिथून त्याच्या घरी पोचवलं जातं.