हौज खासचं मृगोद्यान: ६ चितळांची ६०० झाली, त्यामागचा हिशेब

दिल्लीतल्या हौज खासचं मृगोद्यान १९६० च्या दशकात ६ चितळांवर सुरू झालं. जून २०२३ मध्ये त्याची 'मिनी झू' म्हणून असलेली मान्यता रद्द झाली, तेव्हा कुंपणाच्या आत सुमारे ६०० चितळं होती.

शंभरपट म्हटलं की स्फोट डोळ्यांपुढे येतो. पण साठ वर्षांत शंभरपट म्हणजे सरासरी वाढ वर्षाला ८ टक्क्यांच्या आसपास. या वेगानं कळप दर नऊ वर्षांनी दुप्पट होतो. पहिल्या चाळीस वर्षांनंतरही हिशेबानं आकडा सव्वाशे-दीडशेच्या घरातच राहतो, आणि उरलेली सगळी भर शेवटच्या वीस वर्षांत पडते. त्यामुळे सुरुवातीला कुणाला काही खटकलं नाही, आणि खटकलं तेव्हा जागा संपली होती.

चितळाची मादी वर्ष-दीड वर्षाची झाली की माजावर येते, साडेसात-आठ महिने गाभण राहते आणि बहुधा एकच पाडस देते. विणीला ठरावीक ऋतू नाही. जंगलात या वेगाला वाघ, बिबट्या, रानकुत्री आणि पाडसांवर टपलेले कोल्हे आवर घालतात. उद्यानात यांपैकी कुणी नाही, शिवाय चारा रोज गाडीनं येतो. अंदमानात इंग्रजांनी सोडलेल्या चितळांचंही हेच झालं: शिकारी नाही, म्हणून रोपटी उरली नाहीत.

एका चितळाला रोज साधारण ४ ते ५ किलो हिरवा चारा लागतो, म्हणजे ६०० चितळांना अडीच-तीन टन. तो एका दिवशी कमी पडला की हरणं मागच्या पायांवर उभी राहून झाडं ओरबाडतात, आणि जमिनीपासून दीडेक मीटरपर्यंत पालाच दिसत नाही. गर्दी झाल्याची पहिली खूण हीच. त्यानंतर नवं रोप टिकत नाही, खुरांखाली माती दडपली जाते आणि पावसाचं पाणी मुरायचं थांबतं. त्याच जमिनीवर लेंड्या, त्याच जमिनीवर चरणं, त्यामुळे जंतांचं चक्र तुटत नाही. कुंपणापलीकडून लोक पाव आणि पोळ्या टाकतात. पिष्टमय खाणं अचानक जास्त गेलं की पोटात आम्ल वाढतं आणि चांगलं धडधाकट जनावर दोन दिवसांत दगावतं.

मान्यता रद्द करताना दिलेली कारणं अशी: झपाट्यानं वाढलेली संख्या, जवळच्या नात्यातलं प्रजनन, रोगाची भीती, प्रशिक्षित कर्मचाऱ्यांचा अभाव. चारही कारणं खरी आहेत. पण चारही व्यवस्थापनातल्या चुका आहेत आणि त्यांचा उपाय कुंपणाच्या आतच होता. नर वर्षाचे व्हायच्या आत वेगळ्या वाड्यात घालायचे, एवढं केलं तरी वाढ थांबते. नसबंदी करायची तर जवळजवळ प्रत्येक नराची करावी लागते, कारण सुटलेला एक नर अनेक माद्यांना पुरतो. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर २०१६ पासून पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या नरांची नसबंदी सुरू झाली, तिथंही हीच अडचण: शेजारच्या किनाऱ्यावरून नवे नर पोहत येतात. हौज खासला मात्र पक्कं कुंपण होतं.

मान्यतेचा अर्थ इथं नीट समजून घ्यायला हवा. मान्यता आहे तोवर प्रत्येक जनावराची नोंद, पशुवैद्य, शवविच्छेदन आणि वार्षिक मोजदाद ही सांभाळणाऱ्याची जबाबदारी असते. मान्यता गेली की प्राणिसंग्रहालय चालवता येत नाही आणि जनावरं हलवावी लागतात. म्हणजे त्या कागदानं एकही हरीण कमी झालं नाही, फक्त जबाबदारी दुसऱ्याकडे गेली. ठरलं असं की बहुतेक चितळं राजस्थानच्या जंगलांत आणि उरलेली दिल्लीच्या दक्षिण टोकाच्या असोला भाटी अभयारण्यात पाठवायची. दोनशेहून जास्त चितळं रामगढ विषधारी आणि मुकुंदरा या व्याघ्र प्रकल्पांत गेलीही.

याला कागदोपत्री 'स्थलांतर' म्हणतात. मराठीत रोहित पक्षी येतात तेही स्थलांतर, आणि ऊसतोडीला गाव सोडून जातात तेही. दोन्हींत निघणाऱ्याला वाट ठाऊक असते. पिढ्यान्पिढ्या गाडीतून आलेल्या चाऱ्यावर वाढलेलं, माणूस दिसला की जवळ येणारं चितळ वाघाच्या जंगलात उतरवणं या शब्दात बसत नाही. आणि नात्यातल्या प्रजननानं कळप कमकुवत झाला असेल, तर तोच कळप रानातल्या चितळांत मिसळायचा कशासाठी, या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर मिळालेलं नाही.

पकडण्याची चांगली पद्धत आहे, ती बोमा. नरसाळ्यासारख्या दोन भिंती गवतानं आणि हिरव्या जाळीनं झाकून उभारायच्या, आत चारा ठेवून कळपाला काही दिवस जागेची सवय होऊ द्यायची, मग पडदे ओढून कळप हळूहळू निमुळत्या टोकाकडे आणि तिथून उतारावरून थेट ट्रकमध्ये. हात लावायचा नाही. घाई केली, पाठलाग केला की स्नायू आतून फुटायला लागतात आणि हरीण काही तासांनी किंवा काही दिवसांनी मरतं. शिंगांवर मखमल (वाढत्या शिंगांवरची मऊ कातडी) असलेले नर, गाभण माद्या आणि पाडसं या खेपेत नसावीत. आधी क्षय आणि लाळ्या-खुरकुताची तपासणी, कानाला बिल्ला, महिनाभर विलगीकरण. जुलै २०२५ मध्ये पुण्यात कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात लाळ्या-खुरकुतानं आठवडाभरात १५ च्या आसपास चितळं गेली. असा रोग ट्रकमधून जंगलात उतरला तर तो पसरतो, मोजता येत नाही.

दिल्लीच्या खेपांत गाभण माद्या आणि पाडसं होती, बिल्ले नव्हते, असे आक्षेप न्यायालयापुढे आले. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुढच्या खेपा थांबवल्या आणि सोडलेल्या जागांची स्वतंत्र पाहणी करायला सांगितलं. बिल्ला नसलेलं चितळ रानात शोधून हेच ते म्हणणं जवळपास अशक्य आहे, तेव्हा ही पाहणी अवघड जाणार.

मान्यता रद्द झाल्यापासून या आदेशापर्यंत २९ महिने गेले. नर आणि माद्या एकत्रच राहिल्या, तर तेवढ्या काळात एका मादीची तीन वेतं होऊ शकतात.