पिकअप ट्रकसाठी ऑफ-रोड टायरची निवड

डांबरी वा काँक्रीटच्या रस्त्यांखेरीज चिखल, मुरूम, वाळू, खडक किंवा बर्फ अशा जमिनीवरही चालवायच्या पिकअप वाहनाला कोणते टायर बसवावेत, हे ठरवताना नक्षीचा (जमिनीला टेकणाऱ्या रबरावरील खाचा-ठोकळ्यांचा) प्रकार, मोजमाप, भारक्षमता, साइडवॉलची (टायरच्या बाजूच्या भिंतीची) बांधणी आणि हवेचा दाब या बाबींचा एकत्रित विचार करावा लागतो. नक्षी डोळ्यांना दिसते म्हणून बहुतेक ग्राहक तिच्यावरूनच निर्णय घेतात. मात्र पिकअपच्या बाबतीत भारक्षमता आणि दाब यांकडे दुर्लक्ष झाले, तर उत्तम नक्षीचा महागडा टायरही निरुपयोगी, प्रसंगी धोकादायक ठरतो.

याचे कारण या वाहनाच्या रचनेत आहे. पिकअपचे इंजिन आणि प्रवाशांची केबिन पुढे असते, मागे उघडा हौदा असतो आणि मागील आसाला बहुधा पाट्यांच्या कडक स्प्रिंगा असतात. हौदा रिकामा असताना मागील चाकांवर वजन फारच कमी पडते आणि ओल्या रस्त्यावर ती सहज घसरतात. हौदा भरला की वाढलेला जवळजवळ सगळा भार त्याच दोन टायरांवर येतो. एकाच टायरला अशा दोन टोकाच्या परिस्थितींत काम करायचे असल्यामुळे मोटार किंवा एसयूव्हीसाठीचे निकष पिकअपला जसेच्या तसे लावता येत नाहीत.

दुसऱ्या महायुद्धातील जीपगाड्यांना दोन्ही दिशांना सारखीच पकड देणाऱ्या जाड गुट्ट्यांचे (रबराच्या उंचवट्यांचे) अरुंद टायर असत. त्यांची बांधणी तिरप्या धाग्यांच्या थरांची होती. असे टायर दणकट असले, तरी वेगात तापत आणि डांबरी रस्त्यावर आवाज करत. मिशलँ या फ्रेंच कंपनीने १९४६ मध्ये रेडियल बांधणीचे पेटंट घेतले. या बांधणीत धागे आडवे, म्हणजे एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे जातात आणि नक्षीखाली पोलादी तारांचा पट्टा असतो. त्यामुळे साइडवॉल लवचिक राहते आणि नक्षीचा भाग जमिनीवर सपाट बसतो. मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पात १९६७ पासून भरू लागलेल्या वाळवंटी शर्यतींनी अमेरिकी टायर उद्योगाला या दिशेने पुढे नेले. बीएफगुडरिच कंपनीने १९७६ मध्ये रेडियल ऑल-टेरेन (सर्व प्रकारच्या जमिनीसाठीचा) टायर आणि १९८० मध्ये मड-टेरेन (चिखलासाठीचा) टायर बाजारात आणला. आजचे वर्गीकरण मुख्यतः तेथूनच आले आहे.

मुख्यतः पक्क्या रस्त्यासाठीच्या हायवे-टेरेन टायरची नक्षी नवेपणी साधारण ८ ते ९ मिमी खोल असते, खाचा अरुंद असतात आणि नव्या पिकअपबरोबर कारखान्यातून बहुधा हेच टायर येतात. ऑल-टेरेन टायरची खोली सुमारे १० ते १३ मिमी असते. त्याचे ठोकळे मोठे, खाचा रुंद आणि ठोकळ्यांवर बारीक चिरा असतात. मड-टेरेन टायरची खोली १४ ते १७ मिमीपर्यंत जाते, ठोकळ्यांमधील मोकळी जागा फार मोठी असते आणि खांद्यावरचे गुट्टे साइडवॉलपर्यंत उतरतात. गेल्या काही वर्षांत या दोहोंमधला रग्ड-टेरेन हा वर्गही रुळला आहे.

मड-टेरेन टायर सगळ्यांत आक्रमक दिसतो, म्हणून तो सर्वत्र सरस असेल, हा समज चुकीचा आहे. ओल्या डांबरावर रबराचा जितका भाग रस्त्याला टेकतो तितकी पकड मिळते, आणि मड-टेरेनमध्ये हा भागच कमी असतो. पावसाळ्यात आंबोली किंवा ताम्हिणी घाट उतरताना रिकाम्या हौद्याच्या पिकअपची मागील बाजू वळणावर बाहेर जाण्याचा जो धोका असतो, तो या टायरांमुळे वाढतो. कठीण बर्फावरही तेच घडते, कारण तेथे मोठ्या गुट्ट्यांपेक्षा असंख्य बारीक चिरा आणि थंडीतही मऊ राहणारे रबर उपयोगी पडते. म्हणूनच कॅनडा किंवा अमेरिकेतील हिमवृष्टीच्या प्रदेशात राहणाऱ्यांनी साइडवॉलवर तीन शिखरांमध्ये हिमकण असलेले चिन्ह पाहून टायर घ्यावा. नुसती 'एम प्लस एस' (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) ही अक्षरे नक्षीच्या आकारावरून दिली जातात आणि त्यांमागे बर्फावरील चाचणीची अट नसते.

वाळूत तर खोल नक्षी अडचणच करते. चाक फिरले की गुट्टे वाळू उपसतात आणि वाहन आसापर्यंत रुतते. संयुक्त अरब अमिरातीत किंवा ओमानमध्ये स्थायिक झालेली अनेक मराठी कुटुंबे सुट्टीच्या दिवशी वाळवंटात वाहने नेतात. तेथे मऊ साइडवॉलचा ऑल-टेरेन टायर आणि पुरेशी कमी केलेली हवा यांचाच मेळ कामाला येतो.

महाराष्ट्रातील जमिनीचा वेगळा विचार आवश्यक आहे. कोकणातील जांभ्याची लाल माती पावसात वरून निसरडी होते, पण खाली बहुधा टणक थर असतो. तेथे तुलनेने अरुंद टायर वरचा चिखल कापून खाली टेकतो आणि ऑल-टेरेन नक्षी सहसा पुरी पडते. सह्याद्रीतील बेसाल्टचे फुटलेले दगड धारदार असतात. ते नक्षीपेक्षा साइडवॉलला चिरतात, आणि साइडवॉलची चीर पंक्चरसारखी दुरुस्त होत नाही. अशा भागात साइडवॉलमध्ये दोनऐवजी तीन थर असलेला टायर घेणे हिताचे असते. देशावरील काळी माती सर्वांत अवघड. तिच्यात पाणी शोषून फुगणाऱ्या चिकणमातीचे प्रमाण मोठे असल्यामुळे पावसाच्या दोन-चार सरी पडताच ती टायरला चिकटू लागते. पाणंद रस्त्यावर काही मीटर जाताच ऑल-टेरेन टायरच्या खाचा बुजतात, मातीचा थर वाढत जाऊन मडगार्डला घासू लागतो आणि टायर नक्षी नसल्यागत गुळगुळीत फिरतो. मड-टेरेनच्या रुंद खाचा चिखल बाहेर फेकतात, हे खरे. पण त्यासाठी चाकाला वेग लागतो, आणि अरुंद पाणंदीत तो वेग देता येत नाही. वर्षातून मोजक्याच वेळा अशा मातीत जावे लागत असेल, तर त्यासाठी वर्षभर मड-टेरेन वापरण्यापेक्षा जमीन वाफशावर येईपर्यंत थांबणे अधिक शहाणपणाचे आहे. त्यामुळे रस्ताही उखडत नाही. रोज शिवारात माल नेणाऱ्याचा हिशेब अर्थातच निराळा असतो.

खरेदीपूर्वी साइडवॉलवरील अक्षरे वाचता येणे आवश्यक आहे. 'एलटी २६५/७० आर १७ १२१/११८ एस' असा मजकूर असेल, तर टायरची रुंदी २६५ मिमी, साइडवॉलची उंची रुंदीच्या ७० टक्के, बांधणी रेडियल आणि रिमचा व्यास १७ इंच आहे. १२१ हा भारांक असून तो एका टायरमागे १,४५० किलो क्षमता दर्शवतो. ११८ म्हणजे १,३२० किलो आणि तो आकडा मागे जोडीने बसवलेल्या चाकांसाठी असतो. एस म्हणजे ताशी १८० किमी ही कमाल वेगमर्यादा. 'एलटी' ही अक्षरे हलक्या मालवाहू वाहनांसाठीची भक्कम बांधणी दाखवतात. त्यापुढे येणारे सी, डी किंवा ई हे भारवर्ग अनुक्रमे सहा, आठ आणि दहा थरांच्या बळाचे मानले जातात. आधुनिक टायरमध्ये तितके थर प्रत्यक्षात नसतात, ते केवळ बळाचे माप उरले आहे.

'एलटी' नसलेला, मोटारींच्या मापाचा टायर पिकअपला बसवला, तर अमेरिकी नियमांनुसार त्याची क्षमता १.१ ने भागून धरावी लागते. म्हणजे ११२ भारांकाच्या टायरची १,१२० किलो ही क्षमता प्रत्यक्षात सुमारे १,०१८ किलो होते. हौदा भरून खराब रस्त्यावर जाताना चाकांवर धक्क्यांचा जो अतिरिक्त ताण येतो, तो पाहता ही सावधगिरी अनाठायी नाही. मात्र 'ई' वर्गाचा टायर सर्वांनी घ्यावा, असेही नाही. तो प्रत्येकी चार-पाच किलो जड भरतो, इंधन अधिक लागते, रिकामे वाहन खड्ड्यांवर उसळते आणि तेवढाच भार पेलण्यासाठी त्याला मोटारीच्या टायरपेक्षा अधिक हवा लागते. जुन्या टायरचा दाब नव्या एलटी टायरला तसाच ठेवणे ही गॅरेजमध्ये वारंवार दिसणारी चूक आहे. आठवड्यातून एकदा मित्रमंडळींसह डोंगरात जाणाऱ्याला मध्यम बांधणी पुरते. वाळू, खडी किंवा पाण्याच्या टाक्या वाहणाऱ्याला वरचाच वर्ग लागतो.

मोठा टायर घेण्याचा मोह सार्वत्रिक आहे. भारतात २०२२ मध्ये आलेल्या टोयोटा हायलक्सचे उदाहरण घेता येईल. तिच्या एका प्रकाराला २६५/६५ आर १७ मापाचा टायर येतो, ज्याचा व्यास सुमारे ७७६ मिमी असतो. त्याऐवजी २६५/७० आर १७ घेतला, तर व्यास सुमारे ८०३ मिमी होतो. वाहनाची जमिनीपासूनची उंची यामुळे जेमतेम १३ मिमीने वाढते, कारण व्यासातील वाढीचा निम्माच भाग आसाखाली येतो. स्पीडोमीटर ताशी ६० किमी दाखवेल तेव्हा खरा वेग सुमारे ६२ किमी असेल, प्रत्येक गिअरमधील ओढ सुमारे तीन टक्क्यांनी घटेल आणि ब्रेकवर थोडा अधिक ताण येईल. इतका बदल सहसा निभतो. याहून मोठे टायर स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर किंवा स्प्रिंग दबल्यावर चाकावरील कमानीच्या आतल्या अस्तराला घासतात. मग वाहन उंच करा, रिम बदला, अशी खर्चाची मालिका सुरू होते. भारतात मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम उत्पादकाच्या मूळ तपशिलांपासून दूर जाणारे बदल करण्यास मनाई करते आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात ही भूमिका अधिक कडक केली. त्यामुळे उत्पादकाने त्या वाहनासाठी मान्य केलेल्या मापांतच निवड करणे श्रेयस्कर ठरते.

खराब जमिनीवर पकड वाढवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे हवा कमी करणे. रस्त्यावर ३२ ते ३५ पीएसआय असलेला दाब वाळूत १५ ते १८ पर्यंत आणि दगडांवर २० च्या आसपास आणला, की टायरचा जमिनीला टेकणारा पट्टा लांबतो. रुंदी फारशी वाढत नाही. लांबलेला पट्टा भार पसरवतो आणि लवचिक झालेला टायर दगडाच्या आकाराशी जुळवून घेतो. मात्र हौदा भरलेला असताना इतकी हवा कमी करता येत नाही, वेग मर्यादेत ठेवावा लागतो आणि दाब १५ च्या खाली गेल्यास तीव्र वळणावर टायरची कड रिमवरून सुटू शकते. परत डांबरी रस्त्यावर येण्यापूर्वी हवा भरणे अनिवार्य आहे, कारण कमी हवेचा टायर वेगात तापून फुटतो. म्हणून टायरच्या अंदाजपत्रकात दाबमापक आणि छोटा कॉम्प्रेसर धरावा. कित्येकदा हायवे-टेरेन टायर आणि कमी हवा यांवर चालक जेथून बाहेर पडतो, तेथे पूर्ण हवेचा मड-टेरेन अडकतो.

दुकानात टायर घेताना साइडवॉलवरील चार अंकी तारीख पाहावी : २३२४ म्हणजे २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. भारतात विकल्या जाणाऱ्या टायरवर आयएसआय चिन्ह असणे बंधनकारक आहे. फोर-व्हील ड्राइव्हच्या पिकअपला चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारखेच झिजलेले लागतात. पुढच्या आणि मागच्या चाकांचा परीघ वेगळा असला, तर कठीण रस्त्यावर फोर-व्हील लावताच ट्रान्सफर केसवर (पुढच्या आणि मागच्या आसांना शक्ती वाटून देणाऱ्या गिअरपेटीवर) ताण येतो. स्टेपनीही त्याच मापाची हवी. खर्च वाचवण्यासाठी जुन्या लहान टायरची स्टेपनी तशीच ठेवली, तर आडरानात तीच गैरसोय पुढे येते.

बसवल्यानंतर अलाइनमेंट करून घ्यावे आणि दर आठ-दहा हजार किलोमीटरवर टायरांच्या जागा बदलाव्यात. मड-टेरेनच्या उंच गुट्ट्यांची झीज वाकडीतिकडी होते, आवाज वाढत जातो आणि एकदा पडलेला झिजेचा नमुना नंतर सुधारत नाही. कायद्याने नक्षीची किमान खोली १.६ मिमी आहे. परंतु चिखलातील उपयोग त्याच्या बराच आधी संपतो, आणि ऑल-टेरेन टायर ४ ते ५ मिमीवर आला की तो फक्त रस्त्याचा टायर उरतो.