तुरटीने पाणी निवळतं, जंतू मरत नाहीत

पावसाळ्यात कृष्णा गढूळ झाली की सांगलीत घरोघरी हंड्यात तुरटी फिरते आणि वरचं नितळ पाणी थेट पेल्यात जातं. 'तुरटी फिरवली, आता काळजी नाही' हा जुना समज चुकीचा आहे. तुरटीमुळे मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटतात, जड होऊन तळाशी बसतात. त्यांच्यासोबत काही जंतूही खाली जातात. उरलेले वर जिवंतच राहतात, फक्त दिसत नाहीत.

तरी गढूळ पाण्याला तुरटी हवीच, कारण गाळ असला की क्लोरीन त्यातच खर्च होतं. २० लिटरला साधारण १ ग्रॅम, म्हणजे काबुली चण्याएवढी, पुरे. जास्त झाली तर पाणी तुरट लागतं. दोन-तीन तास हंडा हलवू नका. वरचं पाणी सुती फडक्यातून दुसऱ्या भांड्यात गाळा, मग खळखळून किमान १ मिनिट उकळा. उकळणं जमणार नसेल तर क्लोरीनची गोळी पाकिटावरच्या मापाने टाकून ३० मिनिटं थांबा.

नळाच्या पाण्याला क्लोरीनचा हलका वास आला तर नाक मुरडू नका; घरापर्यंत लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावंच लागतं. आणि पाणी काढायला लांब दांड्याचं ओगराळं ठेवा. हात बुडवून तांब्या भरला की सगळी मेहनत वाया.