लांबट आणि गोल: कर्कपेशींच्या दोन चाली

कर्करोगाची गाठ उगवली तिथेच न राहता शरीरात पसरते, तेव्हा तिच्यातील काही पेशींना आधी आसपासच्या ऊतींमधून वाट काढावी लागते. एकेकट्या निघालेल्या पेशी ही वाट मुख्यतः दोन रीतींनी काढतात. एका चालीला मेसेन्कायमल म्हणतात आणि दुसरीला अमीबॉइड. पहिलीत पेशी लांबट दिसते, दुसरीत गोल, आणि नेमके यामुळेच आकार पाहिला की चाल कळली, चाल कळली की पेशीची जात कळली, असा समज होऊन बसतो.

मेसेन्कायमल चालीतील पेशी दोन्ही टोकांना निमुळती असते. रॅक या प्रथिनाच्या इशाऱ्यावर तिच्या पुढच्या टोकाला अ‍ॅक्टिनचे (पेशीच्या आतील सांगाड्याचे) तंतू वाढतात आणि पेशीचा पातळ पदर पुढे सरकतो; पृष्ठभागावरील इंटेग्रिन प्रथिने भोवतालच्या कोलॅजनला, म्हणजे ऊतींमधील तंतुमय प्रथिनाला, घट्ट धरतात, आणि मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटीनेज ही विकरे तेच कोलॅजन कापून पेशीपुरता बोगदा पाडतात. पुढे पकड घ्यायची, कापायचे, मागची पकड सोडायची, असा हा व्याप असल्यामुळे वेग बेताचाच असतो. बहुधा मिनिटाला एक मायक्रोमीटरहूनही कमी.

अमीबॉइड चालीत रो आणि रॉक या प्रथिनांमुळे मायोसिन हे आकुंचन घडवणारे प्रथिन पेशीला आतून आवळते, दाब वाढतो, आणि पेशीपटल आतील सांगाड्यापासून जिथे सुटते तिथे फुगे बाहेर येतात. पकड सैल असते आणि कापाकापी फारशी नसते, त्यामुळे वेग पुष्कळ जास्त असू शकतो. उसाच्या फडात कोयत्याने वाट पाडणे निराळे आणि कोल्ह्यासारखे अंग चोरून निसटणे निराळे, तसाच हा फरक आहे. मात्र अंग चोरण्यालाही मर्यादा आहे, आणि ती पेशीकेंद्रकाची. पेशीद्रव कुठूनही घुसते; केंद्रक ताठर असते. विकरे बंद असताना तंतूंमधील फट केंद्रकाच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळाच्या सुमारे एकदशांशाहून लहान झाली, की पेशी अडकते. त्याआधीही, फार दाटीतून जाताना केंद्रकाचे आवरण फाटते आणि पुन्हा सांधले जाते, हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले. त्या फाटण्यात डीएनएला इजा होते.

या दोन जाती नव्हेत, हे २००३ मधील प्रयोगांनी दाखवले. कोलॅजनच्या जेलमध्ये फायब्रोसार्कोमा या संयोजी ऊतींच्या कर्करोगातील एचटी-१०८० नावाच्या पेशी बोगदे पाडत लांबट रूपात चालत होत्या. विकरे रोखल्यावर त्या थांबतील अशी अपेक्षा होती, पण त्या गोल होऊन फटींतून पुढे गेल्या. १९९० च्या दशकात मॅरिमास्टॅटसारखी विकररोधक औषधे चाचण्यांत निष्प्रभ ठरली, त्याचे एक संभाव्य स्पष्टीकरण या बदलात शोधले जाते. पण सगळे खापर त्याच्यावर फोडणे मला योग्य वाटत नाही, कारण ती औषधे बहुधा रोग पुढच्या टप्प्यात गेल्यावर दिली गेली आणि सांधेदुखीमुळे त्यांची मात्राही वाढवता येईना.

शिवाय जेल कसले, हाही प्रश्न आहेच. पेप्सिन या पाचक विकराने वेगळ्या केलेल्या कोलॅजनच्या रेणूंची टोके छाटली जातात, तंतू एकमेकांना नीट बांधले जात नाहीत आणि जाळी ढिली राहते. शरीरातल्यासारखी घट्ट बांधलेली जाळी वापरली, तेव्हा विकरांशिवाय पेशींना आत शिरणे जमले नाही, असे काही प्रयोगशाळांनी दाखवले आहे. म्हणजे ‘अमीबॉइड पेशीला विकर लागत नाही’ हे विधान भोवतालच्या फटींचा आकार सांगितल्याशिवाय अर्धवटच राहते.

आकारावरून चाल ठरवतानाही जपावे लागते. डिशमध्ये गोल दिसणारी पेशी विभाजनाच्या तयारीत असेल किंवा मरणपंथाला लागलेली असेल. तिला अमीबॉइड म्हणायचे तर ती त्रिमित माध्यमात सरकताना दिसायला हवी आणि तिच्यात मायोसिनचा ताण आढळायला हवा. मेलॅनोमाच्या (त्वचेतील रंगपेशींच्या कर्करोगाच्या) गाठींत असा ताण असलेल्या गोल पेशी आतल्या भागापेक्षा आक्रमक कडेला अधिक आढळतात, हे निरीक्षण म्हणूनच वजनदार आहे. उलट, स्तनाच्या लोब्युलर कर्करोगात ई-कॅड्हेरिन हे पेशींना जोडणारे प्रथिन सहसा नाहीसे झालेले असते आणि काचपट्टीवर लहान, सुट्या पेशी एकामागोमाग एक अशा रांगेत दिसतात. पण ती रांग म्हणजे गोठलेले एक चित्र असते, आणि त्या पेशी तिथवर कोणत्या चालीने आल्या हे काचपट्टी सांगत नाही.